पक्षी दिसलाच पाहिजे काय?

"पक्षी न दिसल्यास पैसे परत." रानावनांतील दुर्मिळ पक्षी दाखविण्याच्या सहली काढणाऱ्या एका मंडळीची ही जाहिरात गेल्या हिवाळ्यांत माझ्या पाहण्यांत आली. ती वाचून कित्येकांना मौज वाटली असेल, कित्येकांना तींत व्यवहाराचा चोखपणाहि दिसला असेल. मला मात्र त्या पांच शब्दांत एका चांगल्या छंदाचा अधःपात स्पष्ट लिहिलेला दिसला. धुण्यांत रंग गेला तर लुगडें परत करावें, किडका निघाला तर आंबा परत करावा, हें योग्यच आहे. कारण लुगडें आणि आंबा ह्या विकावयाच्या वस्तु आहेत व विकणारा त्यांचा धनी आहे. परंतु सातपुड्याच्या सागवानांत बसलेल्या पक्ष्याचा धनी कोण? तो अमुक दिवशीं अमुक फांदीवर येऊन बसेल असा वायदा त्याच्या वतीनें कोणी आणि कोणत्या अधिकारानें केला? आणि असा वायदा करणारे लोक तो कोणत्या उपायांनीं पुरा करीत असतील, हा प्रश्न पैसे भरणारांपैकीं एकालाहि पडूं नये काय?

गैरसमज होऊं नये म्हणून आधींच सांगतों कीं, माझें भांडण पक्षिनिरीक्षणाच्या छंदाशीं नाहीं. तो छंद मला स्वतःलाच तीस वर्षें जडलेला आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालीं स्थापन झाली, सालिम अलींचें भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक १९४१ सालीं निघालें. परंतु ह्या विद्येला मराठी घराचा उंबरा ओलांडावयास त्यानंतरहि बराच काळ लागला. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्यानें रानांतल्या लोकांच्या तोंडचीं नांवें वेंचून मराठींत आणलीं, तेव्हां कोठें आपल्या भाषेला आपल्याच पक्ष्यांची नीट ओळख पटूं लागली. आज रविवारीं पहाटे गळ्यांत दुर्बीण अडकवून मुलांना टेकडीवर नेणारे आईबाप दिसतात, ही सुखाचीच गोष्ट होय. भांडण आहे तें ह्या छंदांत शिरलेल्या एका समजुतीशीं. ती समजूत अशी कीं, ज्या अर्थीं मी पैसे खर्च केले, रजा घेतली, डोंगर चढलों, त्या अर्थीं पक्षी मला दिसलाच पाहिजे. माझें म्हणणें असें आहे कीं, हा हट्ट ज्याच्या मनांत शिरला त्याच्या डोळ्यांवर आणि शब्दावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. आणि दडून राहणारे पक्षी आजवर ज्यांना सांपडले ते त्यांना हट्टानें सांपडले नसून खरेपणानें सांपडले आहेत.

ह्या म्हणण्याला साक्षीदार म्हणून मी रानपिंगळ्यालाच पुढें करितों. गांवच्या चिंचेच्या ढोलींत राहणारा ठिपकेदार पिंगळा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. रानपिंगळा हा त्याचा भाईबंद. परंतु ह्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छाती गडद तपकिरी असते, पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे असतात आणि पंजे अंगाच्या मानानें दणकट असतात. १८७२ सालीं आजच्या छत्तीसगडांतील बसना गांवाजवळ ब्ल्यूइट नांवाच्या गृहस्थाला तो प्रथम मिळाला, आणि पुढच्याच वर्षीं ए. ओ. ह्यूम यांनीं ब्ल्यूइटच्या नांवावरून त्याचें शास्त्रीय नामकरण केलें. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन ह्या मुलकी अधिकाऱ्यानें आपल्या पश्चिम खानदेशांत, शहादा-तळोद्याकडे, ह्या पक्ष्याचे कांहीं नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणूं पृथ्वीच्या पाठीवरून नाहींसा झाला. साऱ्या जगांतील संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने उरले, आणि तो नामशेष झाला असावा असें मोठमोठे जाणकार मानूं लागले.

ह्या सातांपैकीं एक नमुना इतरांहून निराळा होता. तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन ह्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहांतला. त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर १९१४ हें साल आणि गुजराथेंतील तापीकांठचें मांडवी हें ठिकाण लिहिलेलें होतें. माइनर्ट्झहागेन हा पक्षिशास्त्रांत मोठा अधिकारी समजला जाई, आणि अर्थात् त्याच्या चिठ्ठीवर कोणी शंका घेतली नाहीं. सर्वांत अलीकडची नोंद तीच, म्हणून शोधणारांनीं तिच्यावर विसंबून शोध केले आणि ते रिकाम्या हातीं परत आले. पक्षी फारच लबाड आहे, फारच दुर्मिळ आहे, फारच दडून राहणारा आहे, असा त्याचा लौकिक त्यामुळें वाढत गेला. ह्या सर्व काळांत लबाडी पक्ष्याची नव्हती. पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषीनें तो नमुना बारकाईनें तपासला, त्याचीं क्ष-किरण चित्रें घेतलीं, तेव्हां दिसून आलें कीं, हें कातडें एकदां भरलेलें असून पुन्हां उसवून नव्यानें भरलेलें आहे आणि त्याची मूळची घडण डेव्हिडसनच्या हातची आहे. म्हणजे संग्रहालयांतला डेव्हिडसनचा पक्षी चोरून, त्याचें रूप पालटून, माइनर्ट्झहागेननें त्याच्यावर आपली खोटी चिठ्ठी बांधली होती. ह्या लबाडीचा सविस्तर वृत्तांत रासमुसेन व नायजेल कॉलर यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केला आहे.

मेलेल्या पक्ष्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी ही त्याची शेवटची जबानी असते. ती जबानी खोटी पाडण्यांत माइनर्ट्झहागेनचा हेतु काय होता, ह्याचा निवाडा करावयास आज तो हयात नाहीं. परंतु त्याच्या कृत्याचा अर्थ मात्र उघड आहे. जो पक्षी आपणांस मिळाला नाहीं तो आपल्या संग्रहांत असलाच पाहिजे, हें त्यानें मनाशीं ठरविलें, आणि मग पुराव्याला त्या ठरावाप्रमाणें वाकविलें. डेव्हिडसननें पक्षी बंदुकीनें मारले, ही गोष्ट आज आपणांस रुचत नाहीं. परंतु त्यानें जें लिहिलें तें खरें लिहिलें. माइनर्ट्झहागेननें त्या जातीचा एकहि पक्षी मारला नाहीं, आणि तरीहि त्या जातीचें अधिक नुकसान केलें; कारण ज्या काळांत सातपुड्याचीं जंगलें तुटत होतीं त्या काळांत ह्या पक्ष्याचा शोध घेणारे डोळे त्यानें भलतीकडे वळविले.

पुढचा वृत्तांत आपल्या महाराष्ट्राला भूषण वाटावा असा आहे. खोटी चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरांत हिंदुस्थानांत आले. पूर्वेकडील जुन्या ठिकाणीं त्यांच्या हातीं कांहींच लागलें नाहीं. तेथून ते डेव्हिडसनच्या जुन्या नोंदीचा माग धरून खानदेशांत उतरले. आणि २५ नोव्हेंबर रोजीं सकाळीं, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं, एका निष्पर्ण झाडावर, दिवसाउजेडीं, रानपिंगळा त्यांच्यापुढें बसलेला होता! एकशेंतेरा वर्षें जो कोणाला दिसला नाहीं तो पक्षी रात्रिंचर नव्हता, दऱ्याखोऱ्यांत लपणारा नव्हता. सकाळच्या उन्हांत उघड्या फांदीवर बसण्याची त्याला संवय होती. पुढें तो मेळघाटांत सांपडला, यावलच्या रानांत सांपडला, मध्य प्रदेशांत सांपडला, आणि २०१४ सालीं तर मुंबईपासून थोड्याच अंतरावर तानसाच्या अभयारण्यांतहि सांपडला. तेव्हां "दुर्मिळ" हें विशेषण आपण पक्ष्याला लावतों तेव्हां त्यांतला कितीसा भाग पक्ष्याचा असतो आणि कितीसा आपल्या पाहण्याचा, ह्याचा विचार प्रत्येकानें आपल्याशीं करावा.

खरेपणाची दुसरी साक्ष हिमालयाच्या पूर्व टोंकाची आहे, आणि तिचाहि आपल्याशीं संबंध आहे. पुण्याच्या रेडिओ-खगोलशास्त्राच्या केंद्रांत काम करणारे रमण अत्रेय यांना १९९५ सालीं अरुणाचल प्रदेशांतील ईगलनेस्टच्या डोंगरांत एक अनोळखी पक्ष्यांची जोडी दिसली. काळी टोपी, करडें-शेवाळी अंग, पंखांवर पिवळ्या-तांबड्या खुणा. कोणत्याहि पुस्तकांतल्या चित्राशीं तिचा मेळ बसेना. एकाद्या उतावळ्यानें त्याच वर्षीं नव्या जातीचा डंका वाजविला असता. अत्रेय यांनीं तसें केलें नाहीं. तो पक्षी पुन्हां दिसावयास २००५ साल उजाडावें लागलें. २००६ च्या मे महिन्यांत तो जाळ्यांत धरून त्याचीं मापें व छायाचित्रें घेतलीं, जाळ्यांत गळलेलीं पिसें ठेवून घेतलीं, आणि पक्षी सोडून दिला. नवी जात जाहीर करावयाची तर पक्षी मारून त्याचें कातडें ठेवावें हा शास्त्राचा जुना परिपाठ. परंतु इतक्या थोड्या पक्ष्यांतून एक मारण्याचा अधिकार आपणांस नाहीं, असें त्यांनीं मानलें. पक्ष्याला नांव दिलें तेंहि स्वतःचें नव्हे, तर त्या डोंगरांत राहणाऱ्या बुगुन लोकांचें. दहा वर्षें "मला काय दिसलें तें मला ठाऊक नाहीं" असें म्हणत राहण्याची ही तयारी, हीच माझ्या मतें पक्षिनिरीक्षकाची खरी परीक्षा होय.

आतां ह्या दोन साक्षींपुढें आपली आजची रीत ठेवून पाहूं. ती ठेवतांना मी स्वतःला आरोपींतून वगळत नाहीं. चार वर्षांपूर्वीं पौष महिन्यांत आम्ही पांचजण मेळघाटांत रानपिंगळा पाहावयास गेलों होतों. दोन दिवस सागाच्या गळलेल्या पानांवरून पाय वाजवीत हिंडलों. पिंगळे दिसले ते सर्व ठिपकेदार. तिसऱ्या दिवशीं परतावयाचें होतें. सोबत्यांच्या चेहऱ्यावर पैसे वायां गेल्याची खंत दिसूं लागली. आमचा वाटाड्या जवळच्याच गांवचा एक विशीचा मुलगा होता. त्यानें आमच्याकडे एकदां पाहिलें, खिशांतून मोबाईल काढला आणि त्यांत साठविलेला रानपिंगळ्याचा आवाज लावला. दोन मिनिटें गेलीं नसतील तोंच समोरच्या सागाच्या फांदीवर पक्षी येऊन बसला. त्याच्या पंजांत सरडा होता.

त्या सरड्याचा अर्थ मला तेव्हांच कळला, हें मीं कबूल केलें पाहिजे. तो त्यांचा विणीचा हंगाम होता. मादी ढोलींत अंड्यांवर किंवा पिलांवर बसते तेव्हां नर तिच्यासाठीं भक्ष्य घेऊन येतो. हा नर तसाच निघालेला होता, आणि वाटेंत आपल्या हद्दींत दुसऱ्या नराची आरोळी ऐकून परतला होता. सरडा पंजाखालीं दाबून, शेपटी झटकीत, तो त्या नसलेल्या शत्रूला ओरडून उत्तर देऊं लागला. आवाज थांबला कीं तो उडावयाच्या बेतांत येई. वाटाड्या आवाज पुन्हां लावी. तो पुन्हां बसे. माझ्या सोबत्यांचे कॅमेरे कडकडत होते. कोणी म्हणालें, "सरड्यासकट मिळाला, नशीबच!" मी गप्प राहिलों. इतकेंच नव्हे, तर मींहि दुर्बिणींतून त्याला पोटभर पाहून घेतलें. आम्ही निघालों तेव्हां समोरून दुसरी जीप येत होती, आणि आमच्या वाटाड्यानें त्या जीपवाल्याला हातानें झाड दाखविलें.

परततांना मीं त्या मुलाला म्हटलें, "असें करूं नये." त्यानें दिलेलें उत्तर मी अजून विसरलों नाहीं. तो म्हणाला, "साहेब, पक्षी नाही दिसला त पुढच्या खेपेले तुमी दुसऱ्या पोराले बोलावता." ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें, कारण तें खरें होतें. खोटी आरोळी त्याच्या मोबाईलमधून आली खरी, पण ती लावण्याचा हुकूम आमच्या चेहऱ्यांनीं दिला होता. माइनर्ट्झहागेननें खोटी चिठ्ठी स्वतःच्या हातानें लिहिली. आम्हीं ती एका गरीब मुलाकडून लिहवून घेतली, एवढाच काय तो फरक.

ह्या रीतीच्या समर्थकांचीं म्हणणीं मला ठाऊक आहेत. त्यांतलें पहिलें असें कीं, आवाज लावल्यानें पक्षी मरत नाहीं. खरें आहे, दारावर रात्रभर कोणी थापा मारल्यानें घरधनीहि मरत नाहीं. परंतु पक्ष्याच्या दृष्टीनें ती आरोळी करमणुकीची नसते. हद्दींत प्रतिस्पर्धी शिरला ह्याचा अर्थ त्याच्या लेखीं घर, मादी आणि पिलें हातचीं जाण्याची भीति. म्हणून तो घास टाकून धांवतो. शत्रु दिसत नाहीं आणि जातहि नाहीं, तेव्हां तो ओरडून थकतो. आणि उघड्या फांदीवर ओरडत बसलेला लहान पक्षी ससाण्याच्या नजरेंतहि भरतो. एका सहलीला हें एकदां घडतें. पण ज्या झाडाचा पत्ता सर्वांना ठाऊक झाला त्या झाडाखालीं एका हंगामांत किती सहली येतात, हें ज्यानें त्यानें मोजून पाहावें.

दुसरें म्हणणें असें कीं, अभ्यासकहि ध्वनिमुद्रण वापरतात. होय, रानपिंगळ्याच्या गणतीसाठीं त्यांनीं तें वापरलें आहे. परंतु वैद्यानें सुरी चालविली म्हणून वाटेल त्यानें ती चालवावी असा न्याय निघत नाहीं. अभ्यासक किती वेळ आवाज लावला, कोठें लावला, उत्तर आलें कीं नाहीं, हें लिहून ठेवतो. उत्तर आलें कीं आवाज बंद करितो. आणि जेथें उत्तर आलें नाहीं त्या जागेची नोंदहि तितक्याच काळजीनें करितो. त्याच्या लेखीं "नाहीं" हेंहि उत्तर आहे. हौशी मंडळींच्या लेखीं "नाहीं" हें उत्तरच नाहीं; म्हणून "होय" मिळेपर्यंत त्यांचा मोबाईल वाजत राहतो.

तिसरें म्हणणें स्थानिक लोकांच्या पोटापाण्याचें. हें म्हणणें वजनदार आहे, आणि तें हंसण्यावारीं नेणें पाप होईल. परंतु वाटाड्याला आपण पैसे कशाचे देतों, हा खरा प्रश्न आहे. आंध्रांतील लंकामल्ल डोंगरांच्या पायथ्याशीं जेर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर पुन्हां सांपडला तो १९८६ सालीं; आणि त्या शोधांत भारत भूषण या अभ्यासकाला यश आलें तें ऐतन्ना नांवाच्या एका स्थानिक पारध्याच्या मदतीनें. मोठमोठ्या पंडितांना जो पक्षी सांपडला नाहीं तो त्या काट्याकुट्याच्या रानांत रात्रीं हिंडणाऱ्या माणसाला ठाऊक होता. रानांत वाढलेल्या माणसाचें मोल हें आहे: कोणतें झाड कधीं फुलतें, कोणत्या ओढ्याला कधीं पाणी राहतें, कोणती हांक कोणाची आणि ती कशाला भिऊन दिली, हें ज्ञान. तें सोडून आपण त्याच्याकडून मोबाईलची कळ दाबण्याचें काम घेतों आणि वर त्याला रोजगार दिल्याचें पुण्य मागतों. जें काम शहरांतला कोणीहि पोर करूं शकेल त्या कामाला त्याला जुंपणें हा त्याच्या ज्ञानाचा सन्मान नव्हे. शिवाय ज्या झाडावर त्याचें पोट आहे तें झाड पक्ष्यानें सोडलें, तर त्याच्या पुढच्या वर्षाच्या रोजगाराची हमी कोण देणार? पैसे परत करणारी मंडळी कीं काय?

चवथें म्हणणें सर्वांत गोड आहे. पक्षी दिसल्यावांचून त्याच्यावर प्रेम कसें जडणार, आणि प्रेम जडल्यावांचून त्याचें रक्षण कोण करणार? ह्याला उत्तर द्यावयास मला दूर जावें लागत नाहीं. आपल्या शेतकऱ्याला पावशा ठाऊक आहे. मृगाच्या आधीं "पेरते व्हा, पेरते व्हा" अशी त्याची हांक ऐकून शेतकऱ्याचें मन हलतें. त्यांतल्या कितीजणांनीं पावशा डोळ्यांनीं पाहिला आहे? शंभरांत पांचांनींहि पाहिला असेल असें मला वाटत नाहीं. तो दाट पानांत बसतो आणि ससाण्यासारखा दिसतो, म्हणून पाहूनहि ओळखूं येत नाहीं. सह्याद्रीच्या घाटांत पावसाळ्यांत पहाटे ओढ्याकांठीं शीळकरी कस्तुर माणसासारखी शीळ घालतो. ती शीळ ऐकत जन्म काढलेल्या म्हाताऱ्यांना त्याच्या निळ्या खांद्याचा रंग विचारा, ते हंसतील. त्यांचें त्या पक्ष्यांशीं नातें नाहीं असें कोण म्हणेल? कानानें जडलेलें प्रेम हें कमी प्रतीचें, आणि छायाचित्रानें सिद्ध झालेलें तेंच खरें, ही कल्पना आपल्या रानांतली नव्हे. ती बाजारांतली आहे.

आणि ज्याला ही सर्व नीति हळवी वाटत असेल त्यानें निदान कायदा वाचावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें "शिकार" ह्या शब्दाची जी व्याख्या केली आहे तींत नुसतें मारणेंच येत नाहीं. वन्य प्राण्याला हांकून नेणें, आमिष दाखविणें आणि तसा प्रयत्न करणें हेंहि येतें. पक्ष्यांच्या बाबतींत अंड्यांना व घरट्यांना त्रास देणेंहि त्याच व्याख्येंत बसविलेलें आहे. कोंकणांत पावसाळ्याच्या तोंडाला तिबोटी खंड्या मातीच्या दरडींत बीळ करून वीण घालतो. त्याच्या बिळासमोर चित्राच्या आड येतात म्हणून फांद्या छाटणारे, पिलाला घास नेणाऱ्या पक्ष्याची वाट अडवून तासन् तास ठाण मांडणारे लोक स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवितात. त्यांच्या हातांत बंदूक नसते, कॅमेरा असतो. परंतु कायद्याच्या कोशांत त्यांना कोणता शब्द लागूं पडतो, हें त्यांनीं एकदां पाहून ठेवावें.

मग करावें काय? घरीं बसावें काय? मुळींच नाहीं. माझ्या मागण्या साध्या आहेत. केवळ पाहण्याच्या हौसेखातर रानांत कोणत्याहि पक्ष्याची मुद्रित हांक लावूं नये. विणीच्या दिवसांत तर कोणत्याहि सबबीवर लावूं नये. घरट्याचा पत्ता चारचौघांत सांगूं नये. वाटाड्याची मजुरी पक्ष्यावर ठरवूं नये, दिवसावर ठरवावी, आणि ती आधींच त्याच्या हातांत ठेवावी, म्हणजे आपल्या चेहऱ्याकडे पाहून त्याला खिशांत हात घालावा लागणार नाहीं. सुंदर छायाचित्र पुढें आलें कीं "वाहवा" म्हणण्यापूर्वीं "कसें मिळालें?" हें विचारावें. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, न दिसलेल्या पक्ष्याचीहि नोंद करावी: कोठें गेलों, किती तास हिंडलों, कोणता पक्षी दिसला नाहीं. जगभर चालणाऱ्या ई-बर्डसारख्या नोंदवह्या आतां प्रत्येकाला विचारतात कीं, ओळखलेल्या सर्व पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे काय. कारण यादी पूर्ण असेल तरच तींत नसलेल्या पक्ष्याविषयीं कांहीं अनुमान काढतां येतें. जेथें सर्वांच्याच यादींत सर्वच पक्षी हमखास दिसतात, तेथें एकादी जात हळूहळू कमी होऊं लागली तर तें कळणार कोणाला? आवाजाच्या फांसांत ओढून आणलेला शेवटचा पक्षीहि त्या याद्यांत "दिसला" म्हणूनच लिहिला जाईल.

गेल्या वर्षीं मी पुन्हां मेळघाटांत गेलों. तोच वाटाड्या मुद्दाम मागून घेतला, तीन दिवसांची मजुरी पहिल्याच दिवशीं दिली, आणि मोबाईल खिशांत ठेवण्याची अट घातली. प्रथम तो अवघडला. दुसऱ्या दिवसापासून मात्र असा बोलूं लागला कीं मागल्या खेपेस हा मुलगा मुका होता काय असें मला वाटावें. सांबराची खूर-खूण, अस्वलानें फोडलेलें वारूळ, सुताराची जुनी ढोली, सगळें त्यानें दाखविलें. रानपिंगळा त्यानें दाखविला नाहीं. कारण तो दिसला नाहीं. निघण्याच्या सकाळीं मीं माझ्या वहींत लिहिलें: "तीन सकाळी, सुमारें चौदा तास. ठिपकेदार पिंगळे सहा. रानपिंगळा नाहीं." तीस वर्षांच्या माझ्या वह्यांत ह्याहून चांगल्या ओळी पुष्कळ असतील, पण डेव्हिडसनच्या चिठ्ठीशेजारीं ठेवावयास मला लाज वाटणार नाहीं अशी ओळ हीच आहे.

ज्या मंडळीच्या जाहिरातीनें हा लेख लिहविला त्यांना शेवटीं एवढेंच कळवावयाचें आहे: पक्षी दिसला नाहीं, तरी पैसे परत नकोत. ते त्या मुलाला द्या.